शिल्लक खोडू नका, नोंद वाढवा



दिवाळीआधी आमच्या एका गटाच्या ऑनलाइन दुकानावर जवस चटणीच्या १२ पाकिटांची ऑर्डर आली. मोबाईलवर शिल्लक १५ दिसत होती, डब्यात निघाली ७. झालं असं, की एका ताईनं बाजारात ८ पाकिटं विकून शिल्लक ७ केली होती. दुसऱ्या ताईनं आपल्या वहीतला जुना आकडा बघून पुन्हा १५ टाकले. आधीचा आकडा पुसला गेला, म्हणून घोळ कुठे झाला ते लगेच कळेना. गिऱ्हाइकाचे पैसे परत करावे लागले. चूक ताईंची नव्हती, मांडणीची होती.

डेटाबेस या शब्दाला घाबरू नका. डेटाबेस म्हणजे एकमेकांना कोडने जोडलेले तक्ते. आपल्याला तीन पुरतात.

१. वस्तू: एका वस्तूला एकच ओळ. कोड (जच), नाव (जवस चटणी), त्यात काय काय घातलंय. नाव फक्त इथंच लिहायचं. एकीनं ‘जवस चटणी’ आणि दुसरीनं ‘जवसाची चटणी’ लिहिलं, तर संगणक त्या दोन वस्तू समजतो.

२. पाकिटं: १०० ग्रॅमची एक ओळ (जच-१००), २५० ग्रॅमची दुसरी (जच-२५०). प्रत्येकीपुढे वस्तूचा कोड आणि किंमत.

३. आवक-जावक: तारीख, पाकिटाचा कोड, आवक की जावक, नग, कारण आणि नोंद करणारीचं नाव.

शिल्लक हाताने लिहायचीच नाही, ती तिसऱ्या तक्त्यावरून काढायची. जच-१०० ची आवक ४०. जावक बाजारात १८, ऑनलाइन १३, खराब २, म्हणजे ३३. शिल्लक ७. आपल्या बँकेच्या पासबुकात कोणी जुनी ओळ खोडतं का? इथंही तसंच. नोंद चुकली तर खोडू नका, दुरुस्तीची नवी ओळ टाका.

अजून एक: ऑर्डर लिहिताना त्या दिवशीची किंमतही ऑर्डरसोबत लिहून ठेवा. उद्या भाव वाढवला, तर जुन्या बिलाचा आकडा बदलायला नको.

बाजारातली विक्री त्याच दिवशी मांडा. आणि मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दोघींनी मिळून पाकिटं मोजा, तक्त्याशी ताळा करा. फरक निघाला तर आता तो कुठून आला हे शोधता येईल.