जुन्या पीसीचा दगड होऊ देऊ नका!

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला गेला असाल, तर तिथली दंतकथा ऐकलीच असेल. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल म्हणे दगड झाला! टेकडीवरचे गोल-गोल दगड म्हणजे तोच माल, असं जुनी माणसं सांगतात. आता घरच्या जुन्या पीसीकडे बघा. त्याचाही दगड व्हायची वेळ आलीय का?

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पीसी सुरू होतो, गाणी वाजतात. पण सुरक्षेचे अपडेट थांबले, की नव्या व्हायरसला दार उघडं. त्याच पीसीवर तुम्ही शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता, बाबांचं बँकेचं काम करता. म्हणून 'चालतंय ना, चालू दे' म्हणू नका.

मग करायचं काय?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून tpm.msc टाइप करा, किंवा त्याऐवजी सरळ मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप टाकलं तरी चालेल. टीपीएम 2.0, किमान 4 जीबी रॅम आणि नव्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर विंडोज 11 फुकटात मिळतं. नसेल, तर जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वेळ काढता येतो. नवा पीसी घ्यायला घरी पैसे मागायच्या आधी तिसरा रस्ता बघा: लिनक्स. उबंटू, मिंट ही त्याचीच मोफत रूपं. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं लिनक्स काढलंय. 4 जीबी रॅमच्या पीसीला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती झेपते.

आधी 'ट्राय', मग इन्स्टॉल

8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. रूफस या मोफत सॉफ्टवेअरने त्यावर मिंट चढवा आणि पीसी त्यावरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता सगळं वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का, ते तपासा. मराठी युनिकोड टायपिंगही होतं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. टॅली, श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. टायपिंगचा किंवा अकाउंटचा क्लास लावला असेल, तर आधी सरांना विचारा. गरज असेल तर दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवा. सुरू करताना हवी ती निवडता येते.

खरी परीक्षा इथे

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा पर्याय दिसतो. तो निवडला, की ताईच्या लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, स्कॅन केलेला सातबारा सगळं साफ! म्हणून आधी बॅकअप, तोही बाहेरच्या हार्डडिस्कवर. दोन-चार फाइल उघडून बघा, मगच पुढे जा. आणि हो, आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम काढूच नका.

एका रविवारचं काम आहे राव! व्यापाऱ्यांकडे बॅकअप नव्हता. तुमच्याकडे आहे ना?