लाटण्यामागचे हात

मैत्रिणींनो, चपातीला फुगा आला की कौतुक कणकेचं होतं, फार तर करणारणीचं! पण लाटण्याचं? ताक घुसळायची रवी, पोळपाट, लाटणं, मिरच्या कुटायचं मुसळ या रोजच्या वस्तू कुणीतरी कातून दिलेल्या असतात, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

हे कातारकाम. पूर्वी एकजण दोरी ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा त्यावर पटाशी धरी. आता विजेची मोटर आली. दोन टोकांमध्ये लाकूड गरागरा फिरतं, कारागीर हत्यार टेकवतो आणि बघता बघता ओबडधोबड तुकड्याचं गोल लाटणं होतं. पोळपाट मात्र एका बाजूने पक्का धरून कातावा लागतो. रवीचा नुसता गोळा लेथवर होतो, त्याच्या पाकळ्या नंतर करवतीने आणि कानशीने हातानेच पाडाव्या लागतात.

सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीला गेलात, तर चितारआळीत जरूर फिरा. लाकडी फळं, खेळणी आणि पोरींच्या आवडीची भातुकली बघून मन हरखून जातं. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. इथली गंजिफा आणि लाखकामाची कला टिकावी म्हणून शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम दिलं.

पण एक गोष्ट मला बोलायचीच आहे. बचत गटांच्या निमित्ताने अशा घरांत माझं जाणं-येणं असतं. लेथवर बहुधा पुरुष असतो. पॉलिश कागदाने घासणं, रंगवणं, पुसणं, बाजारात टोपली घेऊन बसणं हे सगळं बाईकडे. "ताई, धंदा कुणाचा?" विचारलं तर चटकन उत्तर येतं, "यांचा! मी आपली मदत करते." दिवसाचे सहा-सात तास चालते ती मदत कसली? ते कामच की!

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे कारागीर येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. मात्र एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते. ते नाव कुणाचं, हे घरात बसून ठरवा. न बोलता ठरलं, तर ते बाईचं नसतं, एवढं मी पाहिलंय.

ज्यांना लेथ शिकायचाय त्यांनी शिकावाच. फक्त पदर खोचा, केस घट्ट बांधा, बांगड्या उतरवून ठेवा आणि ओढणी तर नकोच. फिरत्या यंत्रात काही अडकलं की हात गेलाच समजा. डोळ्यांना चष्मा आणि भुशासाठी नाका-तोंडाला मास्क हवा.

आता घेणाऱ्यांसाठी. लाटणं सपाट फरशीवर लोटून बघा. डुगडुगलं तर वाकडं आहे. नीट न सुकलेलं लाकूड पुढे तडकतं, म्हणून भेगा आणि गाठी बघून घ्या. अन्नाला लागणाऱ्या वस्तूवर रंग नको, साधं लाकूडच बरं. ती पाण्यात भिजत ठेवू नका. धुतली की लगेच पुसून सावलीत उभी करा. महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा.

आणि हो, मॉलमध्ये छापील किमतीला आपण मुकाट्याने पैसे मोजतो. मग आठवडी बाजारात त्या टोपलीपुढेच पाच रुपयांसाठी हुज्जत का? पुढच्या वेळी बसलेल्या ताईंना एवढंच विचारा, "हे तुम्ही केलंय का?" चेहरा कसा खुलतो, बघा!