दुचाकी थांबविण्याची विद्या

आमचे विद्यार्थी शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागतात आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांतच त्यांच्या दारी दुचाकी उभी राहते. तो आनंदाचाच क्षण असतो. परंतु ज्या घरात कमावता हात एकच आहे, तेथे एका अपघाताने दोन पिढ्यांचे कष्ट वाया जातात. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. म्हणून नव्या चालकांसाठी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

गाडी पळविणे लवकर जमते. थांबविणे मात्र शिकावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. आडवे आलेले गुरू दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरलेले असते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून पुढील वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर राखावे. रात्री आपल्या दिव्याचा प्रकाश पोहोचतो तेवढ्यातच थांबता येईल असा वेग ठेवावा. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते.

पुढचा ब्रेक लावल्यास गाडी उलटते, या भीतीने अनेकजण केवळ मागचाच ब्रेक वापरतात. वास्तविक ब्रेक लावताच भार पुढील चाकावर येतो आणि गाडी थांबविण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब क्रमाने वाढवीत लावावेत. याचा सराव मोकळ्या मैदानात करावा. वळणापूर्वीच वेग उतरवावा. खडीवर आणि पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर तर विशेष जपावे.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच आवश्यक आहे.

पालकांना आमची विनंती आहे, की दहावीच्या यशाची भेट म्हणून दुचाकी देऊ नये. गिअरच्या गाडीसाठी कायद्याने वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलगा रुसेल, तर रुसू द्यावा. दोन वर्षे थांबण्याने त्याचे काहीही बिघडत नाही.