डोंगराआडचें गांव आणि बिनतारी दुवा

इ. स. १९२७ मध्यें खडकीचें प्रेषण-केंद्र व दौंडचें ग्रहण-केंद्र ह्यांच्या द्वारें हिंदुस्थान आणि इंग्लंड ह्यांमधील बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली. हजारों मैलांवरचा संदेश दौंडच्या माळावर उतरूं लागला. ही हकीकत सांगितली कीं, पोलादपूर तालुक्यांतील शेतकरी हटकून विचारतो, ‘मग पोलादपूरचा निरोप कुडपणास कां पोंचूं नये?’ प्रश्न भाबडा दिसतो, पण मुद्याचा आहे.

दौंडच्या लहरी कांहीं दशक मीटर लांबीच्या असत. आकाशांतील विद्युद्भारित थरावर आपटून त्या क्षितिजापलीकडे उतरत; मात्र एका वेळीं थोडकाच मजकूर वाहून नेत. आजच्या इंटरनेटच्या यंत्रांतील लहर अवघी पांच-सहा सेंटिमीटर लांब. ती मजकूर पुष्कळ वाहते, पण सूर्यकिरणासारखी सरळ जाते. डोंगर ओलांडून वळत नाहीं. म्हणून अंतराचें भय बाळगूं नये. सन २००७ मध्यें व्हेनेझुएलांत एर्मानो पिएत्रोसेमोली व त्यांचे सहकारी ह्यांनीं दोन पर्वतशिखरांमध्यें साध्या वायफाय यंत्रांनीं ३८२ किलोमीटरांचा दुवा जोडून दाखविला. कुडपणची अडचण किलोमीटरांची नाहीं. मध्यें आलेल्या सह्याद्रीच्या सोंडांची आहे.

उपाय एकच. ज्या माथ्यावरून गांव आणि खालचें खोरें दोन्ही दिसतात, तेथें मध्यस्थ ठाणें उभारावें. एका माथ्यानें न भागल्यास दोन. माथा निवडण्यास प्रथम यंत्र नको, आरसा पुरे. निरभ्र दिवशीं एकानें आरशानें ऊन फेंकावें व दुसऱ्यानें पलीकडून पाहावें.

परंतु नुसतें दिसणें पुरेसें नाहीं, आणि येथेंच बहुतेक जण फसतात. लहरीची वाट दोरीसारखी बारीक नसून तवशासारखी मध्यें फुगीर असते. पंधरा किलोमीटरांच्या टप्प्यांत ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीस मध्यभागीं सुमारें चौदा मीटर त्रिज्येची वाट लागते. तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे आठ-साडेआठ मीटर, मोकळा हवा. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळें तेथें आणखी तीनएक मीटर उंची जमेस धरावी. चैत्रांत निष्पर्ण झालेल्या झाडांमधून जुळलेला दुवा श्रावणांत ओल्या पानांनीं गुदमरतो. तेव्हां पाहणी पावसाळ्यांतच करावी, हें आमचें ठाम मत आहे.

‘आमच्या धुक्यापावसांत हें चालेल काय?’ असेंही विचारतात. ह्या लहरीस धुकें जवळजवळ बाधत नाहीं, मुसळधार पाऊसही थोडाच बाधतो. दहा गिगाहर्ट्झच्या वर मात्र पावसाचा मार झपाट्यानें वाढतो. तशीं यंत्रें आपल्या डोंगरांत लांब टप्प्यासाठीं घेऊं नयेत. परवान्याविषयीं सांगावयाचें तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सन २००५ मध्यें व ५ गिगाहर्ट्झचे पट्टे सन २०१८ मध्यें, शक्तीची मर्यादा पाळण्याच्या अटीवर, केंद्र सरकारनें परवानामुक्त केले आहेत. यंत्र मात्र मान्यताप्राप्त असावें.

इतका खटाटोप कशाला, असें म्हणणारांनीं २२ जुलै २०२१ आठवावा. त्या दिवशीं महाड शहर पुरांत होतें. तळियें येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. रस्ते तुटले, वीज गेली, फोन मुके झाले. रस्त्याकडेनें पुरलेली तार रस्त्याबरोबरच वाहून जाते. माथ्यावरून माथ्यावर जाणाऱ्या लहरीला रस्ता लागत नाहीं. दुखणाईत माणसासाठीं डोली केव्हां निघाली, हें खालच्या दवाखान्यास आधीं कळणें, एवढा लाभही थोडा नव्हे; भातनाचणीच्या भावाची गोष्ट त्यानंतरची.

खरें जोखमीचें अंग विजेचें. डोंगरमाथ्यावर सौर तक्त्यावांचून गति नाहीं, आणि आषाढांत दिवसचे दिवस ऊन पडत नाहीं. म्हणून बॅटरी एका रात्रीच्या हिशेबानें न घेतां निदान पांच-सहा दिवसांच्या बेतानें घ्यावी; काटकसर करावयाची तर खांबाच्या रंगांत करावी. वळवाच्या व परतीच्या पावसांत विजा पडतात, त्यासाठीं खांबास उत्तम भूसंपर्क द्यावा व तो दर वर्षीं मृगापूर्वीं तपासावा. तक्त्यावर शेवाळ धरतें, पेटींत मुंग्या वारूळ करतात, माकडें तारा ओढतात. तेव्हां गांवांतील दोघां तरुणांस खांबावर चढण्याचें, तक्ता पुसण्याचें व जोड बदलण्याचें शिक्षण आधीं द्यावें, आणि मगच यंत्राची मागणी नोंदवावी.