व्यायाम सोडू नये, वाट बदलावी

दम्याच्या रुग्णास घरी नेताना नातेवाईकांचा एक प्रश्न हमखास असतो : "डॉक्टर, यांना फिरायला जाऊ द्यावे का?" घरातील माणसाचा जीव घाबरा झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांची ही धास्ती स्वाभाविक आहे. प्रकृती स्थिर असल्यास उत्तर 'होय' असेच आहे; मात्र कोठे व केव्हा, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेते. भरभर चालताना हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. दम लागला की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो. नाकाची नैसर्गिक गाळणी टळते आणि धुरातील सूक्ष्म कण खोलवर जातात. संवेदनशील श्वासनलिकांचे स्नायू अशा वेळी आकुंचन पावतात, अस्तर सुजते व मार्ग अरुंद होतो.

लंडन येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सौम्य व मध्यम दमा असलेल्या ६० प्रौढांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर व अन्य एका दिवशी तितकाच वेळ हाइड पार्क या उद्यानात चालविण्यात आले. त्या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बसगाड्या व टॅक्सी यांचीच वर्दळ असे. जोराने फुंकर मारताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा रस्त्यावरील फेरीनंतर ६.१ टक्क्यांपर्यंत घटली. उद्यानातील घट त्याहून कमी होती. माणसे तीच, चालणेही तेवढेच. वेगळी होती ती हवा.

आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा स्थिर असते, त्यामुळे वाहनांचा व शेकोट्यांचा धूर खालीच साचतो. म्हणून दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावर, हमरस्ता सोडून बागेत वा मोकळ्या मैदानात फिरावे. आरंभी दहा मिनिटे सावकाश चालावे. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर जवळ बाळगावा. छाती आवळल्यासारखी वाटल्यास तत्काळ थांबावे. नाकाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. धुके व धूर दाटलेल्या दिवशी घरातच हलका व्यायाम करावा.

नियमित व्यायामाने दम टिकतो व दमाही आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. भीतीपोटी तो सोडणे हिताचे नाही. आमच्या हितचिंतकांना एवढीच विनंती की, रुग्णालयाच्या दाराशी वाहन उभे असताना इंजिन बंद ठेवावे. आत श्वासासाठी झगडणाऱ्या रुग्णाला तेही साहाय्यच आहे.