काटकसर कोणाच्या जिवावर?

श्रोतेहो, 'लीन' या शब्दाने आपण फसू नये. आपल्या 'लीन'मध्ये नम्रता आहे. या इंग्रजी 'लीन'मध्ये अंगावरची चरबी झडल्याचा भाव आहे. जॉन क्राफसिक या अभियंत्याने १९८८ साली टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला हे विशेषण लावले. मूळ जपानी विचार मात्र तीन शब्दांचा आहे. 'मुदा' म्हणजे फुकट जाणारे श्रम व माल; 'मुरा' म्हणजे कामाची कमीजास्त ओढ; आणि 'मुरी' म्हणजे यंत्राला वा माणसाला न झेपणारा भार. व्यवस्थापकांना पहिला शब्द तोंडपाठ असतो, तिसऱ्याची आठवण क्वचितच होते.

आता कोणी विचारील, काम वाचविण्याची युक्ती कामगाराने सांगावी तरी का? वाचलेल्या कामाबरोबर उद्या त्याचीच भाकरी जावयाची! याचे एक उत्तर कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे मिळाले. जनरल मोटर्सने तेथील कारखाना १९८२ मध्ये बंद केला होता; गैरहजेरी व तंटे यांबद्दल तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच. करार असा की, अधिकाऱ्यांच्या पगारकपातीसकट इतर उपाय करून पाहिल्यावाचून कोणालाही घरी बसवावयाचे नाही. दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याची मुभा साध्या कामगारालाही होती. १९८८ च्या सुमारास खप घसरला, तेव्हा रिकाम्या हातांना काढून न टाकता शिक्षणास बसविले. शब्द पाळला गेला. (पुढे २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाली आणि २०१० मध्ये हा कारखानाही बंद झाला, हेही सांगितले पाहिजे.)

नोकरी टिकली म्हणजे 'मुरी' टळली, असे मात्र नव्हे. खुद्द जपानात, टोयोटाच्याच कारखान्यात, २००२ साली ऐन तिशीतला एक कामगार कामावर कोसळून मरण पावला. सुधारणा सुचविणाऱ्या गुणवत्ता मंडळांच्या बैठका 'स्वेच्छेच्या' समजल्या जात. त्यांचे तास कामात धरले जात नसत. सरकारी कामगार कार्यालयाने भरपाई नाकारली, तेव्हा त्याची पत्नी न्यायालयात गेली. २००७ मध्ये नागोया जिल्हा न्यायालयाने हे तास कामाचेच ठरविले. ते मिळविता, अखेरच्या महिन्यातील जादा काम शंभर तासांवर गेले होते! पुढच्याच वर्षी टोयोटाने या बैठकांच्या वेळेचा पूर्ण मोबदला देण्यास प्रारंभ केला.