पीयूषिका ग्रंथीची दुर्मिळ अर्बुदे आणि रोगप्रतिकारक यंत्रणा

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका लहानशा खळग्यात पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथी असते. तिचा आकार वाटाण्याएवढा आणि वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. तरीही शरीराची वाढ, प्रजनन तसेच अवटू आणि अधिवृक्क ग्रंथींचे कार्य तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असते.

या ग्रंथीत निर्माण होणारी बहुसंख्य अर्बुदे, म्हणजे गाठी, सौम्य असतात. मात्र काही थोडी अर्बुदे शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार या तिन्हींना दाद न देता पुन्हा पुन्हा वाढतात. त्याहूनही विरळ, हजारात सुमारे एक ते दोन अर्बुदांच्या बाबतीत, त्यांच्या पेशी मेरुरज्जू किंवा यकृतासारख्या दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतात. अशा रुग्णांसमोर उपचारांचे पर्याय फार कमी उरतात. त्यामुळे या अर्बुदांभोवतीच्या रोगप्रतिकारक पेशींकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे.

अर्बुद हा केवळ बिघडलेल्या पेशींचा गोळा नसतो. त्यात रक्तवाहिन्या, आधार देणाऱ्या पेशी, भक्षक पेशी आणि टी लसिका पेशीही असतात. टी पेशी रोगट पेशींना ओळखून नष्ट करतात. भक्षक पेशींचे वर्तन मात्र परिस्थितीनुसार बदलते. त्या कधी अर्बुदावर हल्ला करतात, तर कधी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देऊन त्याच्या वाढीलाच हातभार लावतात.

काही अर्बुदे स्वतःच हा पहारा दुबळा करतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेल्या विकारात पीयूषिकेतील अर्बुद अधिवृक्क ग्रंथींना अतिरिक्त कॉर्टिसॉल तयार करण्यास भाग पाडते. हे संप्रेरक लसिका पेशींचे कार्य दडपते.

दाद न देणाऱ्या अर्बुदांसाठी टेमोझोलोमाइड या औषधाची शिफारस युरोपीय अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये केली. तथापि, सर्वच रुग्णांना त्याचा लाभ होत नाही. या औषधानंतर काही अर्बुदांच्या जनुकांत असंख्य बदल साचतात आणि त्यामुळे ती टी पेशींना अधिक सहज ओळखता येण्याची शक्यता निर्माण होते.

टी पेशींवरील नैसर्गिक लगाम सैल करणाऱ्या औषधांमागील मूलभूत शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पीयूषिकेच्या पसरलेल्या कर्करोगात इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही अशी दोन औषधे एकत्रितपणे दिल्याने अर्बुद आकसल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही रुग्णांना असा लाभ झाला, तर काहींमध्ये अर्बुद वाढतच राहिले.

या उपचाराला दुसरी बाजूही आहे. इपिलिमुमॅब ज्या लगामावर काम करते, तो सीटीएलए-४ हा रेणू निरोगी पीयूषिकेच्या पेशींवरही आढळतो. परिणामी मोकळ्या झालेल्या यंत्रणेचा रोख ग्रंथीकडेच वळून तिला सूज येऊ शकते. तीव्र डोकेदुखी, कमालीचा थकवा आणि रक्तदाब घटणे ही त्याची लक्षणे होत. कॉर्टिसॉलची कमतरता वेळीच न ओळखल्यास प्राणावर बेतू शकते. ती ओळखल्यास हायड्रोकॉर्टिसोन देऊन भरून काढता येते. मात्र अनेकांना हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

म्हणूनच असा उपचार सुरू करण्याचा निर्णय अंतःस्रावतज्ज्ञ, मेंदूशल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्रितपणे घेणे आणि उपचारकाळात संप्रेरकांची नियमित तपासणी करणे आवश्यक ठरते.